दोन बोटं सैल

"बाई, ही चार फुटांची आहे. हवं तर लिहून देतो."

"लिहून कशाला, दादा? त्या खांबाला उभी करा की."

जिन्याच्या पायथ्याशी एक पांढरा खांब रोवलेला होता आणि त्याच्यावर चार फुटांपाशी लाल रेघ होती. रेघेच्या खाली डोकं राहिलं की 'अजगर' बंद. अजगर म्हणजे त्या वॉटर पार्कमधली सगळ्यात उंच घसरगुंडी. हिरवी नळी, तीन वेटोळी. आत शिरलेला माणूस वरपासून ओरडत यायचा आणि खालच्या हौदात धपकन पडायचा. माझी वैजू, वय वर्षं आठ, सहा महिने ह्या अजगराची वाट बघत होती.

ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. टाचा जुळवलेल्या, हनुवटी वर, श्वास रोखलेला. बाईंच्या गळ्यात शिट्टी होती आणि छातीवर 'सुरवसे' असं नाव. त्यांनी वाकून बघितलं, मग लाल रेघ आणि वैजूचं डोकं ह्यांच्या मध्ये स्वतःची दोन बोटं आडवी घातली. बोटं अगदी आरामात मावली.

"दोन बोटं कमी पडतेय. पुढच्या वर्षी आणा."

दुसरा कोणी असता तर गुमान बाजूला झाला असता. पण मी बार्शीचा बगाडे टेलर. माझ्या दुकानात चूक फक्त गिऱ्हाइकाची होते. कोट घट्ट झाला तर तुम्ही जाड झालात, सैल झाला तर तुम्ही वाळलात, माझ्या मापाला नाव ठेवायचं नाही. हा माझा बाणा सगळ्या गल्लीला माहीत होता, आणि खरं सांगायचं तर सगळी गल्ली त्याला कंटाळलेली होती.

"तुमचा खांब चुकलाय," मी म्हणालो.

ह्या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली. वैजू तेव्हा तिसरी पास होऊन चौथीत जायची होती. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावायचे आणि बालवाडीपासून ही आमची रांगेत पहिली. पहिली म्हणजे सगळ्यात बुटकी. बाकीच्या पोरी पुढे-मागे व्हायच्या, हिची जागा कायम बाईंच्या टेबलाला चिकटून. एकदा घरी येऊन दप्तर आपटलं आणि म्हणाली, "आप्पा, मला कुणाची तरी पाठ बघायचीय हो!" मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

त्याच आठवड्यात पेपरात पार्कची जाहिरात आली. अजगराचा फोटो, खाली बारीक अक्षरात 'चार फुटांवरील मुलांसाठी'. मी म्हणालो, "वैजू, चार फूट झालीस की अजगर. शब्द माझा." झालं, पोरगी पेटली. न सांगता दूध पिऊ लागली. तयार कपडे टांगायच्या दांडीला सकाळ-संध्याकाळ लोंबकळू लागली, एकदा दांडी आणि दोन सफारींसकट खाली आली. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिला दुकानाच्या चौकटीला उभी करायचो, डाव्या हाताने टेपचं टोक डोक्यावर धरायचो, उजव्या हाताने टेप टाचेपर्यंत सोडायचो आणि चौकटीवर निळ्या खडूने रेघ मारायचो. डिसेंबरात पावणेसत्तेचाळीस इंच होते. एक मेला अठ्ठेचाळीस भरले. म्हणजे चार फूट. मी असा ओरडलो की समोरचा पानवाला धावत आला.

वैजूने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. जूनमध्ये शाळा उघडली की अजगराचं सगळं साग्रसंगीत सांगणार होती. हे सगळं त्या खांबापाशी माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी जरा तापलो असेन.

आणखी एक गोष्ट होती. सकाळपासून माझं डोकं फिरलेलंच होतं, आणि कारण होते कपडे.

पार्कात नायलॉनचेच कपडे लागतात, असं जाहिरातीत लिहिलं होतं. विकत घ्यायचे? टेलरने? शाळेच्या लेझीम पथकाचं भगवं नायलॉन उरलं होतं, त्यातून मी चौघांचे कपडे बेतले. मुलांचे नेहमीप्रमाणे वाढत्या अंगाचे. आमच्याकडे जूनमध्ये शिवलेला गणवेश पुढच्या जूनलाही आला पाहिजे, अशीच पद्धत. हाताला तेच वळण असल्यामुळे माझी आणि बायकोची, शैलाची, जोडीही वाढत्या अंगाचीच झाली.

"अहो, मी आता कुठे वाढणारेय?" शैलाने विचारलं होतं.

"राहू दे. पाण्यात आटेल."

"नायलॉन आटतं?"

मी मशीन जोरात चालवायला घेतलं.

पार्कात शिरलो आणि बघतो तर काय, तिथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे कपडे भगवे! पहिल्या दहा मिनिटांत तिघांनी मला संडास कुठे आहे ते विचारलं. एक बाई शैलाच्या हातात आपली दोन वर्षांची पोरगी देऊन, "जरा बघा हं, मी कपडे बदलून येते," म्हणून गेली ती अर्ध्या तासाने उगवली. शैला तशी शांत बाई, पण तिनेही मला एक लुक दिला. मुकुंद, आमचा धाकटा, पाच वर्षांचा. त्याच्या बाह्या हाताच्या पुढे वीतभर लोंबत होत्या. तो गुडघाभर पाण्यात बसला की शर्टात हवा भरायची आणि तो आपोआप तरंगायचा. त्याला ते फार आवडलं. तो तिथून हलायलाच तयार नव्हता.

गळ्यात टेप होतीच. शैला घरातून निघताना म्हणाली होती, "टेप तरी ठेवा हो." पण गळ्यात टेप नसली की मला अंगात शर्ट नसल्यासारखं होतं. आणि बघा, वेळेला तीच उपयोगी पडणार होती.

"खांब कंपनीने लावलाय, दादा," सुरवसे बाई म्हणाल्या.

"कंपनीने लावला म्हणून काय झालं? मी वीस वर्षं मापं घेतोय. आमदारांची घेतलीत, फौजदाराची घेतलीत. ही बघा टेप. अस्सल. आत्ता तुमच्यासमोर मोजतो."

मागे रांग लागली होती. एक टकलू गृहस्थ ओरडले, "अहो, आम्ही इथे पोहायला आलोय!"

"पोहाल हो! जरा न्याय होऊ द्या!"

"आप्पा," वैजूने माझा शर्ट ओढला. "जाऊ दे ना."

"का जाऊ दे? तू सरळ उभी राहा."

"आप्पा, नको."

"वैजू, टाचा जुळव."

ती उभी राहिली. ह्या वेळी हनुवटी वर नव्हती, पण माझं तिकडे लक्ष कुठलं! मी गुडघ्यावर बसलो, डावा हात डोक्यावर, उजव्या हाताने टेप सरळ खाली. अठ्ठेचाळीस. तंतोतंत.

"या! बघा! चार फूट! आता बोला!"

सुरवसे बाईंनी आकडा बघितला. मग वर माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. पुन्हा आकडा बघितला.

"दादा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ही तुमची दोन बोटं पण तिच्या उंचीत धरायची का?"

मी वर बघितलं. वैजूच्या डोक्यावर माझी दोन बोटं आडवी, एकावर एक. आणि त्यांच्याही वर टेपचं पितळी टोक.

लहान मुलाचं माप घेताना टेपखाली दोन बोटं घालायची, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. म्हणायचे, दोन बोटं सैल ठेव, पोर वर्षभर वापरेल. छातीला दोन बोटं, कमरेला दोन बोटं, बाहीला दोन बोटं. वीस वर्षं. हाताला सांगावं लागत नाही, पोर समोर दिसलं की बोटं आपली टेपखाली जातात. ती उंची मोजतानाही गेली होती. सहा महिने, दर एक तारखेला.

रांगेत हशा पिकला. टकलू गृहस्थ तर मांडीवर हात मारून हसत होते. तेवढ्यात शैला मुकुंदला काखोटीला मारून आली. तिला लांबूनच सगळं कळलं असावं. ती पदर नसलेल्या खांद्यावर पदर शोधत, तोंडावर हात दाबून हसायला लागली. मग तिचं वैजूकडे लक्ष गेलं आणि तोंडावरचा हात खाली आला.

वैजू रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती पायाच्या अंगठ्याने ओल्या फरशीवर रेघा काढत होती.

माझ्या अंगात भांडण अजून शिल्लक होतं. खांब, कंपनी, सुरवसे बाई, कुणावर तरी ते काढता आलं असतं. पण पोरीच्या त्या रेघा बघितल्या आणि टेप गळ्यात टाकली. मी उभा राहिलो. आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य होतं, तोंडातून निघता निघेना.

"माझं माप चुकलं," मी म्हणालो.

"काय?" टकलू गृहस्थांनी विचारलं. त्यांना खरंच ऐकू आलं नसावं, मागे धबधबा होता.

"माझं माप चुकलं! माझं! पोरीची काही चूक नाही!"

शैला माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला ताप भरलाय. आज आमच्या संसाराला पस्तीस वर्षं झाली, पण त्या दिवशीची तिची नजर मला अजून आठवते.

आणि सुरवसे बाई, ज्यांच्याशी मी वीस मिनिटं हुज्जत घातली होती, त्यांनी वैजूच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, ती पिवळी घसरगुंडी बघितलीस? अजगराएवढीच उंच आहे. आई नाहीतर वडील बरोबर ट्यूबमध्ये बसले तर तिथे उंची बघत नाही."

वैजूने शैलाकडे बघितलं.

"मी मुकुंदला धरलंय," शैला म्हणाली. फार पटकन म्हणाली.

मग त्या दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

आमच्या बार्शीत तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. बादलीपेक्षा खोल पाण्याशी माझा संबंध कधी आलेला नव्हता. आणि उंचीचं म्हणाल तर पंखा पुसायला स्टुलावर चढायचं झालं तरी मी पानवाल्याला बोलावतो.

"खाली पाणी किती आहे हो?" मी विचारलं.

"कमरेएवढं."

"कुणाच्या कमरेएवढं? माझ्या का हिच्या?"

"तुमच्या हो, दादा. हिला तुम्ही धरायचं." मग बाईंनी माझ्या कमरेकडे बघितलं. "पण आधी ती पँट धरा."

भिजलेल्या नायलॉनचं वजन झालं होतं आणि वाढत्या अंगाचं इलॅस्टिक आपलं वाढतच चाललं होतं. शैलाने नाडी घाला म्हणून चार वेळा सांगितलं होतं. आता नाडी कुठली? मी गळ्यातली टेप काढली, कमरेला दोनदा गुंडाळायचा प्रयत्न केला, ती एकदाच पुरली, आणि पुढे घट्ट गाठ मारली. शैला वाकून आकडा वाचायला विसरली नाही.

"नेहमी छत्तीस सांगता ना? अडतीसवर गाठ आहे."

"ओली आहे. ओली टेप खोटं बोलते."

वर जायला ब्याऐंशी पायऱ्या होत्या. त्या मी मोजल्या, कारण खाली बघायचं नव्हतं. वैजू माझ्या पुढे चालत होती. वर एक दणकट गडी रबरी ट्यूब धरून बसला होता. त्याने मला मागे बसवलं, वैजूला माझ्या पुढ्यात. मी दोन्ही हातांनी तिला असं कवळलं की कोण कुणाला धरतंय ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. खाली पिवळा उतार दोन हात दिसत होता. त्याच्या पुढे काहीच नव्हतं.

"आप्पा," वैजू समोरच बघत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"बोटांचं. डोक्यावर तुमची बोटं लागायची की मला. पहिल्यापासून."

"अगं, मग बोललीस का नाही—"

आणि त्या गड्याने ढकललं.

माझं वाक्य तिथेच सुटलं आणि त्याच्या जागी जे काही निघालं त्याला भाषा नव्हती. ट्यूब डावीकडे गेली, मी 'विठ्ठला' म्हणालो. उजवीकडे गेली, मी वडिलांना हाक मारली. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. शर्टात हवा भरली, तो माझ्या तोंडावर आला आणि उरलेला प्रवास मी भगव्या अंधारात केला. त्या अंधारात मला एक आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता. वैजू हसत होती. पोट धरून, उचकी लागेपर्यंत.

आम्ही हौदात पडलो. ट्यूब एकीकडे, मी दुसरीकडे. मला वाटलं, संपलं सगळं. मी हातपाय झाडले, पाणी प्यालो, शैलाला मुलांना सांभाळ असं सांगायचाही प्रयत्न केला. मग कुणीतरी माझ्या दंडाला धरून म्हणालं, "आप्पा, उभे राहा. उभे राहा ना नुसते."

मी उभा राहिलो. पाणी कमरेएवढं होतं. टेपची गाठ जागच्या जागी होती, तेवढी अब्रू राहिली. वैजूच्या छातीला पाणी लागत होतं आणि ती मला धरून उभी होती.

"का नाही बोललीस?" धाप लागली होती तरी मी तेच विचारलं.

तिने तोंडावरचे केस मागे सारले. "पहिल्यांदा सांगणार होते. पण तुम्ही खडूने रेघ मारली आणि आईला हाक मारली, 'शैला, बघ, वाढली बघ पोरगी!' म्हणून. तुम्ही इतके खूश झालात. मग कसं सांगू?"

"आणि इथे आल्यावर कळणार नव्हतं का?"

"मला वाटलं, इथेपण तुम्हीच माप घेणार."

पाणी डोळ्यांत गेलं होतं, ते पुसत राहिलो. त्यात क्लोरीन फार असतं.

"आप्पा, परत जायचं?" तिने विचारलं.

गेलो. एकदा नाही, सात वेळा गेलो. सातव्या वेळी वरचा गडी म्हणाला, "साहेब, तुमचं ओरडणं ऐकून खाली लोक जमतात." अजगराकडे वैजूने परत बघितलंही नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने वर्गात अजगराचं नाव काढलं नाही. आप्पा कसे ओरडले ते करून दाखवलं, अर्ध्यात तुटलेल्या वाक्यासकट, विठ्ठलासकट. बाईंनी तिला टेबलावर उभं करून पुन्हा करायला लावलं. त्या दिवसानंतरही ती रांगेत पहिलीच राहिली, पण दप्तर आपटणं बंद झालं.

मधली एक तारीख मात्र सांगायची राहिली. एक जून. मी तिला चौकटीला उभी केली. मुद्दाम डाव्या हाताची मूठ मिटली, टेपचं टोक नुसत्या अंगठ्याने डोक्याला टेकवलं आणि खाली सोडलं. पावणेसत्तेचाळीस. डिसेंबरात बोटांसकट होते तेवढेच. सहा महिन्यांचं दूध, दांडी, सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटत होतं, आणि खडू हातात घेऊन मी नुसता उभा राहिलो.

"आप्पा, बोटं कुठायत?"

"काढली. आता खरं माप."

तिने वर हात नेला. माझी मिटलेली मूठ चाचपली, त्यातली दोन बोटं एकेक करून उलगडली आणि आपल्या डोक्यावर आडवी ठेवली.

"असंच घ्या," ती म्हणाली. "मला तिथे बोटं लागली की बरं वाटतं."

मी रेघ बोटांच्या वरच मारली. आणि शैलाला हाक मारली, नेहमीसारखी, पानवाल्याला ऐकू जाईल अशी.

वैजू आता तेहेतीस वर्षांची आहे. पुण्यात असते, दोन पोरांची आई आहे. दिवाळीला आली की आधी पोरांना चौकटीला उभी करते आणि मग स्वतः उभी राहते, चपला काढून, टाचा जुळवून. डॉक्टरांच्या कागदावर तिची उंची पाच फूट लिहिलेली आहे. ती पाच फूट सव्वा इंच आहे. माझं माप चुकत नाही.